लस नाही तर माग नाही : मी चुकलो का?

मागवाला_वडगाव
नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात येळ्ळूरला एका लग्नात पंगतीला बसलो होतो. वाढपी आला तो ओळखीचा निघाला. चार वर्षांपूर्वीपर्यंत आमच्याकडे माग चालवायचा, अकरा वर्षं होता. मला बघितलं, पानात मसालेभात वाढला आणि एक शब्द न बोलता पुढे गेला. नंतर कुंदा, आमच्या बेळगावची दुधाची मिठाई, आला तो शेजारच्याच्या पानात पडला, माझं पान सुटलं. विसरला की मुद्दाम चुकवलं, देव जाणे. पण घास गोड लागला नाही.

तर झालं असं. २०२१ च्या मे महिन्यात आमचे थोरले काका गेले. बेड मिळेना म्हणून तीन ठिकाणी फिरवलं, चौथ्या ठिकाणी पोचेपर्यंत संपलं. त्यांच्या जागी शेड मी बघायला लागलो. सप्टेंबरात माग पुन्हा सुरू झाले तसा मी दारावर कागद लावला, मराठीत आणि कानडीत : लस घेतल्याचा दाखला दाखवल्याशिवाय आत यायचं नाही. दहा माग, पाच माणसं. चौघांनी दाखला आणला. हा म्हणाला, "नाही दाखवत." मी म्हणालो, "मग लस नाही तर माग नाही." तो पिशवी उचलून गेला. आठवड्याचा हिशेब घ्यायलाही आला नाही, त्याच्या पुतण्याच्या हाती पाठवावा लागला.

माग ज्यांनी बघितलेत त्यांना ठाऊक आहे, खटखटाटात शेजारच्याशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. धागा तुटतो म्हणून खिडक्या बंद. मास्क दहा मिनिटांत हनुवटीवर. अशा जागेत मी दुसरं काय करायला पाहिजे होतं? खरं खरं सांगा. शिव्या चालतील.

कुंदा_आणि_चहा
लस सोडा, बेळगावात पंगतीला बसून कुंद्याशिवाय उठलात? तुमच्यासाठी वेगळा धागा काढूया.

निपाणीकर
मालक, तुमचं बरोबर. माझा भाऊ ट्रान्सपोर्टमध्ये आहे. चार ड्रायव्हर, त्यातला एक लस नको म्हणाला, त्याच्याचकडून बाकीच्यांना लागण झाली. जबाबदारी म्हणजे काय मग? माझं शरीर माझी मर्जी म्हणायचं आणि खोकायचं दुसऱ्याच्या तोंडावर?

नको_ती_सुई
निपाणीकर, त्याच्याचकडून झाली हे कुणी बघितलं? विषाणूवर नाव लिहिलेलं होतं काय? दोन डोस घेऊन पॉझिटिव्ह झालेली आमच्या घरात तीन माणसं आहेत. मी एकही घेतला नाही, अजून उभा आहे. आणि २०२४ मध्ये अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीने स्वतः ब्रिटनच्या कोर्टात कबूल केलं की लसीने रक्तात गुठळ्या होऊ शकतात. तीच लस आपल्याकडे कोविशील्ड म्हणून टोचली. मागवाले, त्या माणसाला काही झालं असतं तर तुम्ही भरपाई दिली असती?

सूक्ष्मजीव
नको_ती_सुई, तुमचं अर्धं बरोबर आहे, म्हणून पूर्ण उत्तर देतो. कॉलेजात हाच विषय शिकवतो.

गुठळ्यांचा त्रास खरा आहे. पण तो २०२४ मध्ये उघडकीला आलेला नाही. २०२१ च्या मार्च-एप्रिलमध्येच युरोपात त्याची नोंद झाली होती. प्रमाण साधारण लाखाला एखादं. ब्रिटनने ७ मे २०२१ ला चाळिशीखालच्यांना शक्य तिथे दुसरी लस द्या म्हणून सांगितलं. म्हणजे लपवलेलं नव्हतं. पण आपल्याकडे रांगेत उभ्या असलेल्या माणसाला हे कुणी समजावून सांगितलं का? मला तरी कुणी सांगितलं नाही, आणि मी रांगेत माझ्याच विद्यार्थिनीसमोर हात पुढे करून बसलो होतो.

आता दुसरी बाजू. त्याच एप्रिल-मेमध्ये डेल्टाने काय केलं ते मागवाल्यांच्या काकांच्या गोष्टीत आलंच आहे. लस घेतलेला माणूस पॉझिटिव्ह होत होता, पण ऑक्सिजनपर्यंत जाण्याची शक्यता बरीच कमी होत होती. "लस घेऊनही झाला" आणि "लसीचा उपयोग नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. छत्री घेऊनही पाय भिजतात, म्हणून मृगात कुणी छत्री घरी ठेवत नाही.

अडचण पुढची आहे. गोवरासारख्या रोगात लस प्रसारच थोपवते, शंभरातल्या पंच्याण्णवांनी घेतली की उरलेले पाचही बऱ्यापैकी सुरक्षित. करोनाच्या लसीची ती ताकद महिन्या-महिन्याने उतरत गेली, ओमिक्रॉन आल्यावर तर फारच. मग "दुसऱ्यासाठी घे" हा सक्तीचा मुख्य मुद्दा लंगडा होतो. "स्वतःसाठी घे" उरतं, आणि स्वतःसाठी करायच्या गोष्टीची सक्ती किती करायची हा प्रश्न माझ्या विषयाचा नाही.

नको_ती_सुई
छत्री कुणी दंडाला टोचत नाही सर.

वकील_शहापूर
तो प्रश्न माझ्या विषयाचा. सर्वोच्च न्यायालयाचा २ मे २०२२ चा निकाल आहे, न्या. नागेश्वर राव आणि न्या. गवई. थोडक्यात : कुणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही, शरीराची अखंडता राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात येते. पण लगेच पुढे असंही म्हटलंय की सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार व्यक्तीच्या हक्कावर निर्बंध घालू शकतं, फक्त ते कायद्याला धरून आणि प्रमाणात पाहिजेत. लस न घेतलेल्यांमुळे प्रसार जास्त होतो हे दाखवणारी माहिती सरकारांनी कोर्टापुढे ठेवली नाही, म्हणून तेव्हाचे निर्बंध प्रमाणात बसत नाहीत, रुग्ण कमी आहेत तोवर त्यांचा फेरविचार करा, असं कोर्ट म्हणालं. ही सूचना खासगी संस्थांनाही होती. लस घेतल्यावर होणाऱ्या त्रासाची माहिती लोकांपुढे ठेवा असंही सांगितलं.

मागवाल्यांचा कागद सप्टेंबर २०२१ चा, निकाल त्यानंतरचा. तेव्हा घाबरू नका, कोणी नोटीस पाठवणार नाही.

मागवाला_वडगाव
वकीलसाहेब, नोटिशीची भीती नाही. कुंद्याची आहे.

तिलकवाडीकर
वय वर्षे ७६, म्हणून थोडं लांबण लावतो, चालवून घ्या.

तुमच्यातले किती जण व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी फिरायला येतात? नाव रोज घेता, कधी विचारलंत का इथे काय होतं? इंग्रजांच्या वेळी इथे देवीची लस बनायची. वासराच्या कातडीवर ती वाढवायचे, मग खरवडून काढून गावोगाव पाठवायचे. माझ्या डाव्या दंडावर दोन वण आहेत, नातू विचारतो आजोबा हे काय. आमच्या लहानपणी देवी काढणारा माणूस गल्लीत आला की आम्ही पोरं माळ्यावर. आजी हाताला धरून खाली ओढायची. सक्ती कुणाची होती? सरकारची कमी, आजीची जास्त. तिची दोन भावंडं देवीने गेली होती, एकाचे डोळे गेले. तिला कुणी आकडे समजावून सांगितले नव्हते. पुढे भिंतीभिंतीवर रंगवलेलं असायचं, देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा. तेव्हा हजार म्हणजे चेष्टा नव्हती. १९७५ मध्ये देशातला शेवटचा रोगी सापडला. हजार कुणाला मिळाले ते काही आम्हाला कळलं नाही.

सक्तीचं दुसरं टोकही आपल्याच भागाने बघितलंय. १८९७ चा प्लेग. साथीच्या रोगांचा कायदा तेव्हाच आला, २०२० मध्ये बाहेर काढला तो तोच. पुण्यात रँडच्या गोऱ्या सोल्जरांनी घरात शिरून तपासण्या केल्या, देवघरातसुद्धा. काय झालं ते शाळेत शिकलात : २२ जून, गणेशखिंड, चापेकर बंधू. त्याच वर्षी जानेवारीत हाफकिन या शास्त्रज्ञाने भायखळ्याला प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. एकाच वर्षात एकाने आपल्या दंडात सुई घातली आणि एकाने दुसऱ्याच्या घरात बूट. मागवाले, तुम्ही यातले कोण, ते तुम्हीच बघा.

नको_ती_सुई
काका, हाफकिनची पुढची गोष्ट पण सांगा की. १९०२ मध्ये पंजाबात मुल्कोवाल गावात त्याच लसीने १९ माणसं धनुर्वाताने मेली.

तिलकवाडीकर
सांगतो की. हाफकिनला कामावरून काढलं, चौकशी लागली. पुढे निघालं ते असं, की एकोणीसही जणांना एकाच बाटलीतून टोचलं होतं आणि ती बाटली त्या गावात उघडताना दूषित झाली असावी. १९०७ मध्ये तो दोषमुक्त झाला. पण पाच वर्षं गेली ती गेलीच. आणि ती १९ माणसंही. तुमचा मुद्दा मी नाकारत नाही, बाळा.

आशाची_लेक
काका, बूट घातलेले सगळेच सोल्जर नसतात. माझी आई खानापूर तालुक्यात आशा कार्यकर्ती आहे, जांबोटीच्या पुढे जंगलातली गावं. जुलै-ऑगस्टच्या पावसात नर्सबरोबर लसीचा डबा घेऊन ओढे ओलांडत जायची. कातडं सोलवटलेल्या पायांनी परत यायची. आणि वाडीत गेल्यावर लोक काय म्हणायचे? "तू आमच्यातली असून आम्हाला मारायला आलीस?" एका घरातल्या म्हातारीने तिच्या अंगावर शेणपाण्याची बादली ओतली. दुसऱ्या दिवशी आई परत त्याच घरी. सुई घेऊन नाही, नुसती बसायला गेली. म्हातारीचं दुखणं वेगळंच होतं. तिचा मुलगा गोव्यात कामाला, ती म्हणायची मला ताप आला आणि मी पडले तर म्हशीचं दूध कोण काढणार. आईने सांगितलं, मी काढते. दोन दिवस जाऊन काढलं. मग म्हातारीने दंड पुढे केला, आणि वाडीतल्या बाकीच्या बायकांनाही तीच घेऊन आली.

वरून आदेश काय होते? इतके टक्के करा. रेशन बंद करू म्हणून भीती घाला, असं तोंडी सांगणारेही भेटले. आईने ते एकदाही वापरलं नाही. म्हणायची, एकदा भीती घातली की पुढच्या पोलिओला दार उघडणार नाहीत.

मागवाले दादा, एकच विचारते. तुम्ही त्या माणसाला कारण विचारलं होतंत का?

निपाणीकर
ताई, तुमच्या आईला दंडवत. पण दहा मागांचा मालक प्रत्येकाची म्हैस पिळायला जाऊ शकत नाही हो.

विणकराची_सून
मालक लोकांनो, मजुरीचं बोला. आमच्यात पीसवर पैसे. माझ्या सासऱ्यांनी पहिला डोस घेतला, दोन दिवस तापात. दोन दिवसांची मजुरी कुणी दिली? कारखान्यात पगारी सुट्टी असते, मागावर नसते. दारावर कागद लावायला काही पैसे लागत नाहीत. "डोस घ्या, दोन दिवसांची मजुरी माझ्याकडून" असा कागद किती जणांनी लावला?

मागवाला_वडगाव
नाही लावला. खरं सांगतो, सुचलंच नाही. त्या वेळी सुताचे भाव, थकलेली बिलं, काकांचं... पण सुचलं नाही हे खरं.

चंदगडी
आमची तऱ्हा ऐका. घर शिनोळीला, दुकान बेळगावात. मधे दोन राज्यं. ३१ जुलै २०२१ ला कर्नाटकाने फर्मान काढलं, महाराष्ट्रातून येणाऱ्याने ७२ तासांतला आरटीपीसीआर दाखवायचा, दोन डोस झाले असले तरी. म्हणजे दोन्ही डोस दंडात घेऊन मी रोज बाचीजवळ अडकून. पोलिसाला म्हणालो, साहेब, लस घ्या म्हणून तुम्हीच बोंबलूलायसा, घेतली तर ती तुमच्या नाक्यावर चालत नाही. म्हणाला, "आर्डर इदे." मग काय, शेताच्या बांधावरून. सगळं गाव तिथूनच जाऊलालं, पोलिसाची दूधवालीसुद्धा.

निपाणीकर
कोगनोळी नाक्याची आठवण काढू नका. आजारी आत्याला कोल्हापुरातून आणताना तिथे तीन तास गेले.

कुंदा_आणि_चहा
विषाणूला सीमाप्रश्न माहीत होता तर! बांधावरून जाणाऱ्याला धरायचा नाही, हायवेवरच्यालाच धरायचा.

सूक्ष्मजीव
चेष्टा बाजूला, पण हे महत्त्वाचं आहे. नियम लोक पाळतात ते त्यात काही तर्क दिसला तर. दोन डोसवाल्यालाही अडवलं की लसीवरचाच विश्वास उडतो. मग डिसेंबरात ओमिक्रॉन आला आणि कर्नाटकानेच मॉल आणि थिएटरला दोन डोस सक्तीचे केले, शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आईबापांनाही. चार महिन्यांपूर्वी ज्या डोसला नाक्यावर किंमत नव्हती, तो आता सिनेमाचं तिकीट झाला.

शाळेतली_आई
त्या आईबापांतली मी एक. तेव्हा गरोदर होते, डॉक्टर घ्या म्हणत होते, सासूबाई नको. मी दोन महिने टाळलं. मग शाळेचा निरोप आला. घेतला डोस. आज विचार केला तर, मला तो निरोप हवाच होता असं वाटतं. घरात भांडायला नको, शाळेवर ढकललं. सक्तीचा असाही उपयोग असतो, बायकांना विचारा.

विणकराची_सून
हे मात्र पटलं. 😀

आफ्रिकेत_बेळगावकर
युगांडाहून. इथे यायला पिवळ्या तापाची लस आणि तिचं पिवळं कार्ड लागतं, नाहीतर विमानतळावरूनच परत. हजला जाणाऱ्यांना मेंदूज्वराची. त्यावर कधी कुणी धागा काढत नाही. लसीची सक्ती काही नवीन नाही, करोनात ती पहिल्यांदा घरच्या उंबऱ्यापर्यंत आली इतकंच.

नको_ती_सुई
युगांडाला जायचं की नाही हे तुमच्या हातात आहे दादा. मागावर जायचं की नाही हे पोट ठरवतं. तोच तर फरक.

वकील_शहापूर
नको_ती_सुई यांच्याशी सहमत होण्याची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. तारीख लिहून ठेवतो.

जीवनरेखाजवळ
अवांतर : स्वदेशी कोव्हॅक्सिनची माणसांवरची पहिली चाचणी २०२० मध्ये देशात ज्या बारा ठिकाणी झाली, त्यात आपल्या बेळगावचं जीवनरेखा हॉस्पिटल होतं. आपल्याच शहरातली माणसं, कुणी सक्ती न करता, लस चालते की नाही माहीत नसताना दंड पुढे करून बसली. त्यांच्याविषयी कुणी दोन ओळी लिहीत नाही.

तिलकवाडीकर
हे मला माहीत नव्हतं. व्हॅक्सिन डेपोचं गाव शोभतं म्हणायचं.

कुंदा_आणि_चहा
डेपोतली झाडं वाचली तर शोभेल काका. तो विषय काढला तर धागा पाचशेच्या पुढे जाईल.

निपाणीकर
झाडांसाठी वेगळा धागा काढा बाबांनो. आणि मी अजून माझ्या मतावर ठाम आहे. काकांचं प्रेत उचलून आलेल्या माणसाने कागद लावला, त्याला रँड म्हणणं अति झालं.

तिलकवाडीकर
रँड म्हटलं नाही. कोण ते बघा म्हटलं. पण तुम्हाला टोचलं असेल तर माफी.

मागवाला_वडगाव
चार दिवस धागा वाचत होतो, लिहायला जमलं नाही. आशाच्या लेकीचा प्रश्न डोक्यात बसला होता. नव्हतं विचारलं. काल गेलो त्याच्या घरी. हातात काय न्यायचं म्हणून कुंदा नेला, हसू नका.

बायकोने दार उघडलं, चहा ठेवला. तो आला, जरा वेळ माझ्याकडे बघत उभा राहिला, मग बसला. मी सरळ विचारलं, तेव्हा लस का घेतली नाहीस?

म्हणाला, "घेतली होती की."

जुलैत तो चंदगड भागात सासुरवाडीला गेला होता, तिथे कॅम्प लागला, घेतला पहिला डोस. त्याच्याकडे मोबाईल नव्हता म्हणून मेव्हण्याचा नंबर दिला. मेव्हणा आठ दिवसांत मुंबईला कामाला गेला. मेसेज त्या फोनवर, ओटीपी त्या फोनवर, दाखला निघायचा तर त्याच फोनवरून. मेव्हणा फोन उचलेना, उचलला तर त्याला ओटीपी म्हणजे काय कळेना. आणि पलीकडे जाऊन कागद आणावा तर परत येताना नाक्यावर आरटीपीसीआर मागणार. चंदगडींनी लिहिलंय तेच.

मी विचारलं, अरे मग हे तेव्हा सांगायचं की! तर म्हणाला, "सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात तुम्ही चौघांदेखत म्हणालासा, अडाण्यांनो तुमच्यामुळे माणसं मेली. तुमचे काका मला मुलासारखे होते. त्यांच्या तिरडीला खांदा मी दिला होता, किट घालून. मग दाखवायचंच नाही म्हटलं."

खांदा त्यानेच दिला होता. घरातल्या दोघांना लागण होती, मी स्वतः विलगीकरणात.

परत ये म्हणालो. म्हणाला, आता मंडप आणि वाढपाचं काम बरं चाललंय, मागावर ऐकू कमी येतं. ते बरोबरच आहे.

आशाची_लेक
दादा, गेलात हे बरं केलंत.

विणकराची_सून
एका मोबाईलवर चार जणांची नोंदणी, आमच्या गल्लीत असे किती तरी होते. दाखला नाही म्हणून लस नाही असं धरलेले.

नको_ती_सुई
मी मुद्दा मांडणार होतो. राहू दे.

निपाणीकर
मालक, मी मत बदललेलं नाही. कागद लावणं बरोबरच. पण ते वाक्य बोलायला नको होतं.

चंदगडी
त्या मेव्हण्याचा नंबर अजून चालू असला तर दाखला आताही निघतो का बघा. कशाला लागेल ते माहीत नाही, पण असावा.

कुंदा_आणि_चहा
सगळं झालं, मुख्य मुद्दा राहिला. पंगतीत कुंदा मुद्दाम चुकवला होता का नाही?

मागवाला_वडगाव
विचारलं. म्हणाला, "शेजारच्याला वाढला तो शेवटचा होता ओ. पहिल्या पंगतीनेच पातेलं खरवडलं."